तो तारा आपल्याकडे कोणी पाहिला होता का?

करावे गावातून, आमच्या घराच्या वरच्या खोलीतून बोलतोय. ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या असतील. ज्यांना ऐकण्याऐवजी वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलताना जे अर्धवट राहिलं, ते इथे जरा नीट लिहिलंय.

आजचा भाग एका चुकीपासून सुरू होतो. चूक माझीच आहे.

दोन भागांपूर्वी आपण जुन्या पंचांगांबद्दल बोलत होतो. बोलण्याच्या भरात मी एक वाक्य फेकलं होतं. १०५४ साली आकाशात एक तारा फुटला, तो आपल्या पूर्वजांनी पाहिला आणि ग्रंथात लिहून ठेवला, असं मी म्हणालो. मस्त वाक्य होतं. त्यावर हार्टही बरेच आले. पण एका श्रोत्याने शांतपणे एवढंच विचारलं, "दादा, कोणत्या ग्रंथात? जरा नाव सांगता का?"

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. फोन उघडला. हे मी कुठे वाचलं होतं ते शोधलं, तर सापडलं आमच्या फॅमिली ग्रुपवरच्या एका फॉरवर्डमध्ये. त्या फॉरवर्डमध्ये ग्रंथाचं नाव नव्हतं. मग दुसरा फॉरवर्ड, मग तिसरा. सगळे एकमेकांचीच कॉपी. तीन आठवडे गेले आणि शेवटी माझा शोध एका जागी येऊन थांबला. २००१ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात आलेला एक शोधनिबंध. लेखक दोन. एक, पुण्याच्या संस्कृत पंडिता सरोजा भाटे. आणि दुसरे, डॉ. जयंत नारळीकर.

माझ्या श्रोत्याने मला जो प्रश्न विचारला, तोच या दोघांनी स्वतःला विचारला होता. आपल्या प्राचीन वाङ्मयात सुपरनोव्हा पाहिल्याची नोंद आहे का?

उत्तर काय मिळालं ते सांगतो. पण आधी त्या ताऱ्याबद्दल.

पाहुणा तारा

४ जुलै १०५४. चीनच्या दरबारातल्या ज्योतिष्यांनी वृषभ राशीत एक नवा तारा पाहिला. त्यांच्याकडे अशा ताऱ्याला 'पाहुणा तारा' म्हणायचे. काल नव्हता, आज आला, उद्या जाईल. हा पाहुणा मात्र भलताच झगमगता होता. २३ दिवस तो भर दिवसा, सूर्य असताना दिसत होता. रात्री तर जवळपास दोन वर्षं दिसत राहिला. चीन आणि जपानमध्ये त्याच्या नोंदी आहेत. इब्न बुतलान नावाच्या एका अरब वैद्यानेही त्या सुमाराच्या नव्या ताऱ्याबद्दल लिहून ठेवलंय.

आज त्या जागी दुर्बीण लावली तर एक धूसर ढग दिसतो. एकोणिसाव्या शतकात एका आयरिश उमरावाने मोठ्या दुर्बिणीतून पाहून त्याचं चित्र काढलं. ते खेकड्यासारखं दिसत होतं म्हणून नाव पडलं 'क्रॅब नेब्युला'. हे मी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे आभालान चिंबोरी?" बरोबर आजी, आभाळातली चिंबोरी. अंतर साधारण साडेसहा हजार प्रकाशवर्षं. तिच्या पोटात एक तारा अजून शिल्लक आहे, एखाद्या शहराएवढा लहान आणि सेकंदाला सुमारे ३० गिरक्या घेणारा.

सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा मृत्यू. मोठ्या ताऱ्याचं इंधन संपतं, गाभा स्वतःच्याच वजनाने आत कोसळतो आणि बाहेरचा भाग फुटून उडतो. काही दिवस तो एकटा तारा अख्ख्या दीर्घिकेच्या तोडीचा उजेड देतो. ही गोष्ट मनात ठेवा, कारण आजच्या गोष्टीत तारे दोन-तीनदा फुटणार आहेत.

आता आपल्याकडे या. जुलै महिना. कोकणात जुलैमध्ये आकाश म्हणून काही असतं का? आजोबा खाडीत मासेमारीला जायचे, त्यांना चांदण्यांची चांगली ओळख होती. पण आजीला विचारलं की जुलैत एवढा मोठा तारा उगवला असता तर दिसला असता का, तर तिचं उत्तर तयार होतं. "पावसाल्यान आभाल कवा दिसलंय रं?"

म्हणजे ते दिवसा दिसणारे २३ दिवस आपल्याकडे ढगांत गेले असणं सहज शक्य आहे. पण मंडळी, ही सबब पुढे चालत नाही. पाऊस संपला, दिवाळी आली, थंडी आली. वृषभ रास हिवाळ्यात रात्रभर डोक्यावर असते आणि पाहुणा अजून मुक्कामालाच होता. कोणीतरी पाहिलाच असणार. आणि आपल्याकडे लिहिणारी माणसं नव्हती असंही नाही. इथून फार लांब नसलेलं अंबरनाथचं शिवमंदिर आठवा. तिथल्या शिलालेखात शके ९८२ लिहिलंय, म्हणजे इसवी सन १०६०. तारा मावळल्यावर पुरती पाच वर्षंही झाली नव्हती. दगडात तारीख कोरणारी माणसं याच भागात होती. धारच्या राजा भोजाचं विद्वानांनी भरलेलं राज्यही याच काळातलं.

मग नोंद कुठे आहे?

नारळीकर आणि भाटे यांनी हाच शोध घेतला. एक आकाशाचा जाणकार, एक भाषेची जाणकार. असं काम एकट्याने होत नाही. संस्कृतात तारा, धूमकेतू, उल्का, ग्रह यांना असंख्य शब्द आहेत. त्यातला कोणता शब्द 'नवा तारा' सांगतो आणि कोणता नुसती उपमा आहे, हे ठरवायला संस्कृतात मुरलेलं माणूस लागतं. आणि सांगितलेली जागा, काळ आकाशाशी जुळतो का, हे बघायला खगोलशास्त्रज्ञ लागतो.

निष्कर्ष? ठाम पुरावा म्हणता येईल अशी नोंद त्यांना मिळाली नाही.

आणि त्यांनी तेच छापलं.

मी यापाशी बराच वेळ थांबलो. नारळीकर तेव्हा देशातले सगळ्यात ओळखीचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी नुसतं सूचक हसून "आपल्या ग्रंथांत उल्लेख असावा" म्हटलं असतं, तरी टाळ्या पडल्या असत्या. मला पडल्याच होत्या. त्याऐवजी त्यांनी शोध घेतला, हाती काही लागलं नाही, आणि हाती काही लागलं नाही हे जगाला सांगितलं. तेव्हा मला या माणसाचं उरलेलं आयुष्य वाचावंसं वाटलं. कारण शाळेत आपल्याला नारळीकर शिकवतात ते असे: थोर शास्त्रज्ञ, पद्मविभूषण, विज्ञानकथा. एक गोष्ट कोणी सांगत नाही. ज्या सिद्धान्तासाठी ते साठ वर्षं भांडले, तो आज बहुतेक खगोलशास्त्रज्ञ मानत नाहीत.

फळ्यावरचं आव्हान

१९ जुलै १९३८, कोल्हापूर. म्हणजे जन्मही ऐन पावसाळ्यातला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई सुमती संस्कृतच्या जाणकार. बालपण बनारसमध्ये. त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार काही काळ त्यांच्याकडे राहायला होते. घरात फळा होता. मामा त्यावर एक अवघड गणित लिहायचे आणि वर भाच्याच्या आद्याक्षरांसह लिहायचे की हे तुला आव्हान आहे. गणित सुटेपर्यंत फळा पुसला जायचा नाही.

१९५७ साली बनारसहून पदवी, मग केंब्रिज. १९५९ मध्ये तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिला नंबर. ज्याला 'सीनियर रँग्लर' म्हणतात तो मान. १९६० पासून फ्रेड हॉयल यांच्याकडे संशोधन.

हॉयल म्हणजे काय चीज होती ते सांगायला पाहिजे. १९५७ साली त्यांनी तीन सहकाऱ्यांबरोबर एक मोठा शोधनिबंध लिहिला. तुमच्या रक्तातलं लोह, बोटीच्या नांगराचं लोखंड, हाडांतला कॅल्शियम हे सगळं ताऱ्यांच्या पोटात आणि सुपरनोव्हांत कसं शिजतं, हे त्यात मांडलंय. हे काम आजही उभं आहे. दुसरं म्हणजे 'बिग बँग' हा शब्द त्यांचा. १९४९ साली बीबीसी रेडिओवर बोलताना त्यांनी तो वापरला. म्हणजे आपल्या या ऑडिओ माध्यमानेच जगाला तो शब्द दिला असं म्हणायला हरकत नाही! गंमत ही की हॉयल यांना ती कल्पनाच मान्य नव्हती. त्यांचं म्हणणं, विश्व एका क्षणी सुरू झालं नाही. ते पसरतंय हे खरं, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य सतत तयार होतं, त्यामुळे विश्व कायम तसंच दिसतं. हा स्थिर स्थिती सिद्धान्त.

१९६१ साली या सिद्धान्तावर मोठा हल्ला झाला. केंब्रिजचेच मार्टिन राइल यांनी आकाशातल्या रेडिओ स्रोतांची मोजणी केली आणि जाहीर केलं की दूरवर, म्हणजे भूतकाळात, असे स्रोत जास्त दाट आहेत. विश्व बदलतंय म्हणजे ते स्थिर नाही. वर्तमानपत्रांत बातम्या. हॉयल यांनी उत्तर तयार केलं आणि रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत ते मांडायला उभं केलं आपल्या विद्यार्थ्याला. वय वर्षं २२. संशोधनाला लागून जेमतेम काही महिने झालेले.

उत्तर काय होतं? विश्व सगळीकडे सारखं पसरलेलं नसेल. कुठे दीर्घिकांची दाटी, कुठे प्रचंड पोकळ्या. आपण नेमके कुठे बसून मोजतोय त्यावर आकडा बदलेल. हे त्यांनी त्या काळच्या संगणकावर आकडेमोड करून दाखवलं. पुढे मोजमापं वाढत गेली तसा रेडिओ स्रोतांचा वाद स्थिर स्थितीच्या विरोधात गेला. पण त्या दाटी आणि पोकळ्या? त्या पुढच्या काही दशकांत खरंच सापडल्या. हरलेल्या बाजूच्या हातात एक खरी गोष्ट राहून गेली.

तुमच्या स्क्रीनचा उजेड

आता क्वांटम. घाबरू नका, सूत्रं सांगणार नाही.

समजा एक इलेक्ट्रॉन हलला. त्याच्यापासून प्रकाशाची लहर निघते आणि पुढच्या काळात जाते. दगड टाकला, तरंग उठले. पण प्रकाशाची समीकरणं आणखी एक उत्तर देतात: भविष्यातून मागे येणारी लहर. म्हणजे तरंग आधी काठाकडून येतात आणि मग दगड पडतो! आपण ते उत्तर खोडून टाकतो, कारण तसं कधी दिसत नाही. पण का दिसत नाही?

जॉन व्हीलर आणि रिचर्ड फाइनमन यांनी १९४० च्या दशकात एक विलक्षण कल्पना मांडली. तो इलेक्ट्रॉन दोन्ही प्रकारच्या लहरी पाठवतो. विश्वातले बाकीचे सगळे कण त्याला प्रतिसाद देतात. आणि त्या सगळ्या प्रतिसादांची बेरीज अशी होते की उलट्या लहरी रद्द होतात. अट एकच. भविष्यातलं विश्व असं असायला हवं की सगळा प्रकाश शेवटी कुठेतरी शोषला जाईल.

म्हणजे खोलीतल्या दिव्याचं वागणं अख्ख्या विश्वाच्या भविष्यावर अवलंबून! नारळीकरांनी ही अट वेगवेगळ्या विश्वांवर तपासली. सतत पसरत विरळ होत जाणाऱ्या महास्फोटाच्या विश्वात ती बसत नव्हती. स्थिर स्थितीच्या विश्वात बसत होती. १९६३ साली कॉर्नेल विद्यापीठात काळाच्या स्वरूपावर एक परिषद झाली, तिथे हे तरुण नारळीकर होते आणि फाइनमनही होते. त्या परिषदेच्या छापील वृत्तांतात फाइनमननी आपलं नाव येऊ दिलं नाही. त्यांच्या जागी छापलंय 'मिस्टर एक्स'.

पुढचा टप्पा जास्त कठीण होता. अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आपोआप उतरतो आणि प्रकाश देतो. तुमच्या फोनची स्क्रीन आत्ता अशाच उड्यांमुळे उजळलीय. ही उडी आपोआप का पडते? नेहमीचं क्वांटम उत्तर असं की रिकामी जागा खरी रिकामी नसते, तिच्यातल्या थरथरीमुळे. हॉयल आणि नारळीकरांनी १९६९ च्या सुमारास दाखवलं की ती थरथर न मानताही हिशेब जुळतो. त्या थरथरीच्या जागी विश्वाचा प्रतिसाद ठेवा, तेच आकडे मिळतात.

ही त्यांच्या कामाची पद्धतच दिसते. एक टोक अणूचं, एक टोक विश्वाचं, आणि प्रश्न असा की दोन्ही टोकं एकमेकांना ओळखतात का?

दरम्यान दोन गोष्टी झाल्या होत्या. १९६४ मध्ये हॉयल आणि नारळीकरांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. भारतात इतकं कौतुक झालं की १९६५ साली, वयाच्या २६ व्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळालं. आणि त्याच १९६५ साली अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन या दोघांच्या अँटेनाला आकाशाच्या सगळ्या दिशांनी येणारी एक मंद कुरकुर सापडली. महास्फोटानंतरच्या उष्णतेची ती उरलेली ऊब आहे, असं बहुतेकांनी मानलं. स्थिर स्थितीवरचा हा सगळ्यात मोठा घाव.

विचार करा. एकाच वर्षी देश तुम्हाला डोक्यावर घेतोय आणि तुमच्या पायाखालची जमीन सरकतेय.

कुलाबा, आणि टोपणनाव

१९७२ साली नारळीकर केंब्रिज सोडून मुंबईत आले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. आपल्या मानखुर्दला, हार्बर लाइनवर, याच संस्थेचं विज्ञान शिक्षणाचं होमी भाभा केंद्र आहे. तुमच्यापैकी काही जण ऑलिंपियाडसाठी तिथे गेला असाल.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. नाव दिलं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा, कळेल. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती कथा पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली. त्या स्वतः गणितज्ञ. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. नाव बघून कोणी मार्क देऊ नयेत ही तीच सवय, बरं का. कथा असो, ग्रंथातला तारा असो, आपल्या आवडीचं असलं तरी ते तपासूनच घ्यायचं.

याच काळात क्वांटम पुन्हा आलं, पण आता अणूपुरतं नाही तर अख्ख्या विश्वाला लावून. आइन्स्टाइनची समीकरणं घेऊन काळात मागे मागे गेलं की शेवटी एक जागा येते जिथे सगळं शून्यात गोळा होतं, घनता अनंत होते आणि समीकरणंच कोलमडतात. नारळीकरांचं म्हणणं, एवढ्या लहान विश्वाला क्वांटमचे नियम लावायलाच हवेत. आणि क्वांटममध्ये एकच इतिहास नसतो, सगळ्या शक्य इतिहासांची बेरीज घ्यायची असते. ही बेरजेची पद्धतही फाइनमनचीच. त्यांचा विद्यार्थी थानू पद्मनाभन आणि त्यांनी मिळून १९८० च्या दशकात हे पुढे नेलं. विश्वाच्या आकाराला क्वांटमचा थरकाप लावला की शक्य विश्वांची गर्दी होते आणि त्या गर्दीत 'अनंत घनतेच्या बिंदूतून सुरू झालेलं' विश्व जवळपास नगण्य ठरतं. म्हणजे सुरुवातीचा तो भयंकर बिंदू टळू शकतो. पूर्ण सिद्धान्त नव्हे हा, विश्वाच्या फक्त एका पैलूला क्वांटम लावलेलं. पण १९८६ चं त्यांचं या विषयावरचं पुस्तक त्या वाटेवरचं सुरुवातीचं गंभीर काम आहे.

लोखंडाच्या सुया

१९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' सुरू झाली. नारळीकर तिचे संस्थापक संचालक, २००३ पर्यंत. आणि १९९३ मध्ये त्यांनी हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर जुना सिद्धान्त दुरुस्त करून पुन्हा मांडला. आता विश्व स्थिर नाही, ते खूप लांबलचक काळात पसरतं, आक्रसतं, पुन्हा पसरतं, पण त्याला सुरुवात नाही.

पण ती १९६५ ची ऊब? तिचं काय? इथे सुपरनोव्हा परत येतो. त्यांचं म्हणणं असं: सुपरनोव्हा फुटतो, लोखंडाची वाफ अंतराळात थंड होते आणि तिच्या सुया बनतात. मिलिमीटरभर लांब, पण केसापेक्षा कितीतरी बारीक. या सुया ताऱ्यांचा प्रकाश शोषतात आणि त्याची मंद ऊब करून सगळीकडे पसरवतात. म्हणजे ती ऊब महास्फोटाची नाही, आधीच्या ताऱ्यांच्या उजेडाची.

मग १९९८ साल. दोन गटांनी अतिदूरचे सुपरनोव्हा पाहिले. हे वेगळ्या जातीचे, श्वेत बटू ताऱ्यांच्या स्फोटांचे. त्यांचा मूळ उजेड आपल्याला बऱ्यापैकी माहीत असतो, म्हणून ते अंतर मोजायला वापरतात. लांबच्या बोटीचा दिवा किती मंद दिसतो त्यावरून बोट किती लांब आहे ते ओळखावं, तसं. दिवे अपेक्षेपेक्षा मंद निघाले. निष्कर्ष असा की विश्वाचं पसरणं वेग घेतंय. त्याचं कारण 'डार्क एनर्जी'. २०११ चं नोबेल याच कामाला.

नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००० च्या आसपास उत्तर दिलं की दिवे मंद दिसतात कारण मध्ये धूळ आहे. कोणती? त्याच लोखंडाच्या सुया. सुपरनोव्हानेच तयार केलेलं लोखंड दुसऱ्या सुपरनोव्हाचा उजेड अडवतंय. त्यांनी आकडे मांडले, आणि त्या वेळच्या मोजमापांशी ते जुळूनही दाखवले.

पण बहुतेकांना ते पटलं नाही. त्या मंद उबेतले बारीक चढउतार पुढे फार काटेकोरपणे मोजले गेले, आणि ते महास्फोटाच्या गणिताने जितके नेमके सांगता येतात तितके सुयांनी नाही. एक गंमत मात्र सांगतो. वेग घेणारं विश्व हे मूळ स्थिर स्थिती सिद्धान्ताचंच भाकीत होतं. पन्नास वर्षं आधीचं. तेव्हा लोक म्हणायचे, विश्व मंदावत असणार, म्हणून तुमचा सिद्धान्त चूक. वेग खरा निघाला, पण तोपर्यंत बाकीच्या पुराव्यांनी तो सिद्धान्त बाद झाला होता.

मग ते हरले का?

हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारला. आपल्या पिढीला हरण्याची फार भीती असते. एक कॉमेंट चुकीची पडली की डिलीट करतो. मी तर माझा तो भागच काढून टाकायच्या बेतात होतो.

खरं सांगायचं तर मला वाटतं नारळीकर मुख्य भांडण हरले. आणि सुयांपर्यंत येताना ते एका कल्पनेला जरा जास्तच काळ धरून राहिले असं म्हणणाऱ्या शास्त्रज्ञांचं म्हणणंही मला चुकीचं वाटत नाही. आपल्या आवडत्या गोष्टीला वाचवण्यासाठी नवी गोष्ट आणावी लागते, मग तिला वाचवायला आणखी एक, तेव्हा सावध व्हायला हवं. हे त्यांच्यासारख्या माणसालाही चुकलं नसेल.

पण भांडले कसे ते बघा. प्रत्येक वेळी आकडे टेबलावर ठेवून. माझं ऐका असं नाही, तर हे मोजून बघा, चूक असेल तर दिसेल असं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट आयुकाची. संस्था त्यांची, संचालक ते. तरी तिथे महास्फोट मानणारे लोक मोकळेपणाने काम करत होते. वरुण साहनी डार्क एनर्जीवर, तरुण सौरदीप त्या मंद उबेच्या चढउतारांवर. पद्मनाभनही पुढे आपल्या वेगळ्या वाटेने गेले, आणि महास्फोटाच्या विश्वावरची त्यांची पाठ्यपुस्तकं जगभर शिकवली जातात. आपल्या विरोधात पुरावा गोळा करणाऱ्यांना आपल्याच घरात टेबल-खुर्ची देणं, हे मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं.

शाळकरी मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे, सही नको, पोस्टकार्डवर प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन. आणि द्यायचे. २० मे २०२५ ला पुण्यात ते गेले, तेव्हा बऱ्याच घरांतून ती पोस्टकार्डं बाहेर आली असतील.

मला ज्या श्रोत्याने विचारलं, त्याचं ते एक ओळीचं मेसेज म्हणजे पोस्टकार्डच. तर हे माझं उत्तर. १०५४ चा तारा आपल्या पूर्वजांनी ग्रंथात लिहून ठेवला, असं मी म्हटलं होतं. त्याला ठाम पुरावा नाही. त्यांनी पाहिला असेल, मला तर वाटतं नक्की पाहिला असेल. खाडीवर रात्री जाळं टाकणाऱ्या एखाद्या माणसाने मान वर करून म्हटलंही असेल, हा कोण नवीन आला? पण मला वाटणं वेगळं आणि नोंद असणं वेगळं. उद्या एखाद्या पोथीत, एखाद्या ताम्रपटात ती नोंद सापडली, तर सगळ्यात आधी मी नाचेन आणि त्यावर नवा भाग करेन. तोपर्यंत तो जुना भाग काढून टाकत नाही. त्याच्या खाली ही दुरुस्ती लिहून ठेवतोय. चूकही दिसू दे आणि दुरुस्तीही.

फॅमिली ग्रुपवर हे टाकलं तर काका म्हणाले, "एवढं कशाला मनावर घेतोस?" मी म्हटलं, काका, एका मोठ्या माणसाने घेतलं होतं.

आमच्या गच्चीवरून आता फार तारे दिसत नाहीत. एका बाजूला पाम बीच रोडचे दिवे, दुसऱ्या बाजूला टॉवर. तरी डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊच्या सुमाराला पूर्वेला वर बघा. लालसर रोहिणी दिसेल. तीच वृषभ रास. तिच्या जरा पलीकडे, बैलाच्या शिंगाच्या टोकाशी, ती चिंबोरी आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, लहान दुर्बीण आणि अंधार लागेल. पण जागा तीच. पाहुणा तिथेच उतरला होता.

तुमच्या गावात जुना शिलालेख असेल, घरात पोथी असेल, तर फोटो नक्की पाठवा. आणि माझं काही चुकलं असेल तर नेहमीसारखं विचारा, "कुठे लिहिलंय?"

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.